मदत हवी आहे: बर्फावर चालणाऱ्या जुन्या स्नो-स्कूटरची नागपुरात दुरुस्ती

नमस्कार.

एक जुनी स्नो-स्कूटर मी घरच्या वर्कशॉपमध्ये पुन्हा चालू स्थितीत आणत आहे. त्यातील काही निर्णय घेण्यापूर्वी मला जाणकारांचे मत हवे आहे. पुढे दोन स्की, मागे एक रबरी ट्रॅक, मध्ये रिव्हेट केलेला अ‍ॅल्युमिनिअमचा सांगाडा आणि पुढच्या झाकणाखाली पंख्याच्या हवेने थंड होणारे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, अशी तिची रचना आहे. इतवारीच्या लोहा ओळीत ती भंगारात आली होती. कुठल्याशा लिलावाच्या मालासोबत ती आली, एवढेच व्यापाऱ्याला ठाऊक होते, आणि सांगाड्यावरची क्रमांकाची पट्टी निघून गेलेली होती. इंजिनावरचे रोटॅक्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे नाव मात्र स्पष्ट वाचता येते. हेड उतरवून मापे घेतली तेव्हा बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) 72 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 61 मिमी भरला, म्हणजे हे 496.7 सीसीचे ‘503’ इंजिन आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही.

रंगरंगोटी करून शोभेसाठी ठेवण्याचा माझा विचार नाही. एखाद्या हिवाळ्यात ही गाडी ट्रकवर घालून गुलमर्गसारख्या ठिकाणी न्यावी आणि ज्या कामासाठी ती बनली ते काम तिने तिथे नीट करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अडचण अशी की तिची सगळी जुळणी आणि चाचणी नागपुरात होणार, म्हणजे उन्हाळ्यात 40 अंशांच्या वर, आणि प्रत्यक्ष काम करायचे ते शून्याखाली 15 ते 20 अंशांत. प्रत्येक सील, प्रत्येक जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे बारीक छिद्र) आणि प्रत्येक फट ठरवताना हा सुमारे 60 अंशांचा फरक आडवा येतो.

काम करता करता एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि माझे बहुतेक प्रश्न तिच्यातूनच निघाले आहेत. या गाडीत बर्फ हा केवळ रस्ता नसून यंत्राचाच एक भाग आहे. ट्रॅकच्या आत अ‍ॅल्युमिनिअमचे दोन लांब रूळ आहेत आणि त्यांच्या खालच्या कडेवर प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या आहेत. ट्रॅकमध्ये जडवलेल्या पोलादी क्लिपा या पट्ट्यांवरून घासत जातात. तिथे ना ग्रीस असते, ना तेल. ट्रॅक बर्फ आत उडवतो, तो घर्षणाच्या उष्णतेने वितळतो, आणि त्या पाण्यानेच पट्ट्यांना वंगणही मिळते व गारवाही मिळतो. बर्फ नसला की पट्टी आणि क्लिप कोरड्या घासतात. या पट्ट्या ज्या पॉलिथिलीनच्या असतात, ते 135 अंशांच्या आसपास वितळते, आणि कोरड्या जमिनीवर थोडे अंतर वेगाने गेले तरी तेवढी उष्णता सहज निर्माण होते. माझ्या गाडीवरच्या जुन्या पट्ट्या दोन्ही टोकांना वितळून पसरलेल्या आहेत. कोणीतरी ती कोरड्या जमिनीवर चालवली असावी.

म्हणून पहिला प्रश्न पट्ट्यांचा. तयार पट्ट्या बाहेरून मागवता येतात, पण इथे यूएचएमडब्ल्यू (अतिउच्च रेणुभाराच्या) पॉलिथिलीनचे जाड तक्ते मिळतात. कोळशाच्या चुटांना आतून लावायला ते वापरतात, आणि आपल्या भागात कोळसा हाताळणारी ठिकाणे भरपूर आहेत. त्यातून मिलिंग करून 1.2 मीटर लांबीच्या दोन पट्ट्या काढाव्यात, असे मला वाटते. रुळाच्या कडेवर सरकवण्यासाठी आत ‘टी’ आकाराची खाच पाडावी लागेल. ही खाच किती घट्ट ठेवावी? आणि चाचणीच्या वेळी बर्फाच्या जागी पाण्याची बारीक धार सोडली तर पुरेल का?

दुसरा प्रश्न ट्रॅकचा. झोझेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी 1937 मध्ये दातेरी चाक आणि ट्रॅक यांच्या जोडणीचे पेटंट घेतले, आणि ट्रॅकच्या आतील बाजूच्या दात्यांनी तो ओढण्याची तीच मूळ कल्पना माझ्या या यंत्रातही दिसते. ती हाताने फिरवून पाहताना त्या माणसाच्या बुद्धीचे मला फार कौतुक वाटते. माझ्या ट्रॅकची रुंदी 381 मिमी आहे, दोन दात्यांमधील अंतर 64 मिमी आहे आणि पूर्ण फेरीत असे 48 टप्पे आहेत. म्हणजे इंची हिशेबाने तो 15 बाय 121 चा प्रचलित आकार आहे. रबरावर सर्वत्र बारीक चिरा आहेत, दोन ठिकाणी कडा फाटून आतले कापडी धागे दिसतात, आणि आडव्या काचतंतूंच्या दांड्यांपैकी काही बहुधा मोडलेल्या आहेत. कन्व्हेयरचा पट्टा जोडतात त्या पद्धतीने हा ट्रॅक दुरुस्त होऊ शकेल का, की तो बदलणे हाच एकमेव मार्ग आहे?

तिसरा प्रश्न इंजिनाचा, आणि त्यावर मी सर्वांत जास्त विचार केला आहे. क्रँकशाफ्टचे दोन्ही बाजूंचे सील कडक झाले आहेत. टू-स्ट्रोकमध्ये सील गळाला की तिथून जास्तीची हवा आत येते, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते) आणि पिस्टन जाम होतो, त्यामुळे सील बदलणारच आहे. साध्या नायट्राइल रबराचे घ्यावेत की व्हिटॉनचे (फ्लोरिनयुक्त रबराचे), हे मात्र ठरत नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्यापुढे व्हिटॉन जास्त टिकते. पण साधे व्हिटॉन शून्याखाली 20 अंशांच्या सुमारास ताठर होऊ लागते.

कार्ब्युरेटरच्या जेटबद्दलही माझा एक हिशेब आहे, तो कृपया तपासावा. सध्याचे जेट थंड प्रदेशासाठी निवडलेले आहे, असे मी धरतो. शून्याखाली 20 अंशांच्या तुलनेत 40 अंशांची हवा सुमारे 19 टक्के विरळ असते, आणि कार्ब्युरेटरमधील प्रवाहाच्या नियमाने तेच जेट ठेवल्यास मिश्रण साधारण 11 टक्के घट्ट होते (पेट्रोल जास्त होते). दुसरीकडे, शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, तर 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे 13.5 पट पुरते. म्हणजे या पेट्रोलावर तेच जेट मिश्रण 8 टक्क्यांच्या आसपास पातळ करील. हे दोन परिणाम जवळजवळ एकमेकांना खोडून काढतात. मग नागपुरातील चाचणीसाठी जेटला हात लावूच नये, हे योग्य होईल का?

बेल्ट आणि क्लचबद्दल विशेष अडचण नाही. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतो तसाच, फक्त मोठा, व्हेरिएटर आहे. वजने मोकळी फिरतात, स्प्रिंगा शाबूत आहेत, बेल्ट नवा घेणार आहे. आपले मत कृपया सविस्तर कळवावे.

प्रतिसाद – कन्व्हेयरच्या देखभालीत काम केलेला वाचक, हिंगणा

नमस्कार. आपले काम वाचून आनंद झाला. पट्ट्या इथे बनवण्याचा विचार उत्तम आहे, परंतु खाचेच्या घट्टपणाआधी लांबीचा विचार करावा. हे प्लास्टिक तापमानाप्रमाणे अ‍ॅल्युमिनिअमच्या कितीतरी पट जास्त आकसते आणि पसरते. 1.2 मीटरची पट्टी आपण नागपूरच्या उन्हाळ्यात रुळाला अगदी बरोबर कापली, तर आपण म्हणता त्या 60 अंशांच्या फरकाने ती बर्फात रुळापेक्षा साधारण एक सेंटिमीटर आखूड होईल. दोन्ही टोकांना स्क्रू मारलात तर पट्टी स्क्रूच्या भोकापाशी फाटेल. म्हणून फक्त पुढच्या टोकाला एक स्क्रू मारावा, मागचे टोक मोकळे सोडावे आणि पट्टी थोडी लांब ठेवावी. खाचसुद्धा थंडीत आवळते. उन्हात ती हाताने सहज सरकेल इतकी सैल असावी. ठोकून बसवावी लागत असेल तर गुलमर्गला ती काढता येणार नाही. मिलिंग करताना कटर धारदार ठेवावा आणि प्लास्टिक तापू देऊ नये. शक्य असल्यास खाच पाडण्याचे काम पहाटे किंवा कूलरसमोर करावे, कारण तापलेल्या तुकड्यावर घेतलेले माप दुसऱ्या दिवशी जुळत नाही.

पाण्याच्या धारेने पट्ट्यांचे काम भागेल. परंतु चाचणीत गाडीचा मागचा भाग भक्कम स्टँडवर उचलून ट्रॅक जमिनीपासून पूर्ण मोकळा ठेवावा. मागे कोणीही उभे राहू नये, आणि मागच्या बाजूला जाड प्लायची आडोशाची फळी असावी. फिरणारा ट्रॅक अडकलेला दगड किंवा मोडलेली क्लिप गोळीसारखी भिरकावतो. हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

ट्रॅकबद्दल माझे मत तुम्हाला आवडणार नाही. कन्व्हेयरच्या पट्ट्याची ताकद त्याच्या कापडी थरांत असते, आणि आपण सांधा करतो तेव्हा त्या थरांवर पायऱ्या कापून लांब अंतरावर चिकटवतो. ट्रॅकमध्ये दाते, दांड्या आणि क्लिपा यांच्यामुळे तेवढी जागाच मिळत नाही. रबरावरच्या वरवरच्या चिरा चालतील. पण जिथे धागे उघडे पडले आहेत तिथे पाणी आत शिरेल, ते रात्री गोठेल आणि फाट वाढत जाईल. ट्रॅक उतरवून प्रत्येक दांडी दोन्ही टोकांना धरून वाकवून पाहावी. मोडलेली दांडी लगेच हाताला कळते, आणि अशा दांड्या शेजारीशेजारी असतील तर ट्रॅक रुळावरून उतरतो. नागपुरातील स्टँडवरच्या चाचणीपुरता, हळू वेगात, हा ट्रॅक वापरावा. बर्फात नेताना मात्र बदलावा.

प्रतिसाद – मायक्रोलाइट विमानांच्या इंजिनांवर काम केलेला वाचक

आपले 503 इंजिन माझ्या चांगल्या ओळखीचे आहे, कारण हेच इंजिन मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलक्या छोट्या, विमानांत अनेक वर्षे वापरले गेले. सुटे भाग शोधताना आपल्याला याचा फायदा होईल: पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि सील यांसाठी विमानवाल्यांकडेही विचारपूस करावी. कार्ब्युरेटर आणि इग्निशन यांत मात्र फरक असू शकतो, ते डोळे झाकून घेऊ नयेत.

आपला जेटचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावर विसंबून इंजिन पूर्ण ताकदीने चालवू नये. तो फक्त मिश्रणाबद्दल सांगतो. थंड होण्याबद्दल काहीच सांगत नाही. आपल्या पंख्याला बर्फाळ हवेऐवजी 40 अंशांची हवा मिळणार आहे आणि सिलिंडर त्याच प्रमाणात जास्त तापणार आहे. म्हणून चाचणीसाठी मिश्रण जरा घट्ट बाजूलाच ठेवावे आणि प्लगखाली बसणारा तापमापक लावावा. विमानातील 503 साठी सिलिंडर हेडची कमाल मर्यादा 250 अंश आणि एक्झॉस्ट वायूची 650 अंश धरली जाते. आपण स्टँडवर त्याच्या बरेच अलीकडे थांबावे. पंख्याचा बेल्ट जुना असेल तर तो आधी बदलावा. तो सैल पडला तरी इंजिन आवाजाने काही सांगत नाही, थेट जाम होते.

सील व्हिटॉनचेच घ्यावेत, असे मी म्हणेन. इंजिन चालू झाल्यावर सीलची जागा काही मिनिटांत गरम होते, त्यामुळे थंडीचा प्रश्न फक्त सुरुवातीपुरता असतो. इथेनॉलचा प्रश्न कायमचा. बर्फात इंजिन सुरू झाल्यावर काही मिनिटे संथ चालू द्यावे. सील बसवल्यावर एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडे बंद करून आत सुमारे 6 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा भरावी आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरत असेल तर जुळणी पुढे नेऊ नये. इंधन पंपातील पडदा आणि सर्व नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात. पावसाळ्यात मिश्रण टाकीत ठेवू नये. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते आणि पाणी खाली बसते. तेलाचे प्रमाण 50 ला 1 ठेवावे. जास्त तेल घातल्याने इंजिन सुरक्षित होते असे नाही. जेटमधून तेवढे पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण उलट पातळ होते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पट्टीच्या लांबीचा मुद्दा माझ्या हिशेबात अजिबात नव्हता, आणि तो कळल्यामुळे पट्ट्यांचा आराखडा मी पुन्हा काढला आहे: पुढे एक स्क्रू, मागे मोकळी सरक. तक्ता घेऊन तो कापण्याआधी एक रात्र वर्कशॉपमध्येच ठेवीन आणि मापे सकाळीच घेईन. व्हिटॉनचे सील, नव्या नळ्या आणि पंख्याचा बेल्ट यांची यादी केली आहे. तापमापक बसेपर्यंत इंजिन सुरू करणार नाही. नवतपा संपल्यानंतर, पहिल्या पावसाने हवा उतरली की स्टँडवरची चाचणी घ्यावी, असे ठरवले आहे. तोपर्यंत दाबाची परीक्षा आणि सांगाड्याचे रिव्हेट पूर्ण होतील.

सांगाड्याबद्दल एक प्रश्न विचारायचा राहिला होता. अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्यावर जिथे जिथे पोलादी पट्टी रिव्हेट केली आहे, तिथे पांढरी भुकटी जमून पत्रा खाल्ला गेला आहे. दोन धातूंमध्ये ओलावा राहिल्याने हे होते, हे मला माहीत आहे. नवे रिव्हेट मारताना मध्ये झिंक क्रोमेट प्रायमर पुरेल, की पातळ रबर किंवा नायलॉनची पट्टीही घालावी? पट्टी घातल्यास रिव्हेटची पकड कालांतराने सैल होईल, अशी मला भीती वाटते. हे काम केलेल्या कोणी सांगितल्यास पुढची जुळणी सुरू करता येईल. आणि 15 बाय 121 आकाराचा, 64 मिमी टप्प्याचा वापरलेला पण धागे शाबूत असलेला ट्रॅक कोणाच्या पाहण्यात आला, तर कृपया याच धाग्यावर कळवावे.