मदत हवी आहे: आईच्या टाचांच्या भेगा आणि तळपायाचा घट्टा (शुगर आहे)

नमस्कार मंडळी, असा धागा आधी निघाला असेल तर लिंक द्या, मला सर्चमध्ये सापडला नाही.

आईचं (वय ५८) पोळीभाजी केंद्र आहे. मदतीला बायका आहेत पण पोळ्या लाटायला ती स्वतःच उभी राहते, पहाटे पाचपासून दुपारी दीड-दोनपर्यंत, शहाबादी फरशीवर आणि तेही अनवाणी, कारण अन्नपूर्णेसमोर चप्पल घालायची नाही, विषय संपला. टाचांना भेगा कायमच असायच्या पण या थंडीत फारच वाढल्यात, कडेने इतक्या खोल गेल्यात की पोळ्यांची पिठी त्यात जाऊन बसते आणि पाय धुतले तरी पांढऱ्या रेघा तशाच दिसतात. रात्री कूस बदलली की चादरीचा धागा टाचेत अडकतो आणि ती कळवळते. डाव्या टाचेतून परवा थोडं रक्तही आलं.

दुसरं म्हणजे त्याच पायाला करंगळीच्या खाली, चवड्यावर, पिवळट जाड कातडी झालीय आणि मधोमध एक कडक ठिपका आहे. शेजारच्या काकू म्हणतात कुरूप आहे, आई म्हणते काही नाही गं, घट्टा आहे नुसता. आणि हा घट्टा ती दाढीच्या ब्लेडने तासते!! तासलं की चार दिवस बरं वाटतं, परत तेवढाच वाढतो. मला ते बघवत नाही कारण तिला डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत, शुगर बऱ्यापैकी आटोक्यात असते पण तळपायाला अधूनमधून मुंग्या येतात म्हणते.

करून झालेले उपाय: खोबरेल, कैलासजीवन, वज्रीने घासणं, सुट्टीच्या दिवशी गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसणं. तेवढ्यापुरतं मऊ होतं. मेडिकलवाल्याने कॉर्न कॅप (कुरूपावर चिकटवायची औषधी पट्टी) दिलीय, ती मी अजून लावू दिलेली नाही. तर हे कुरूप की घट्टा ते घरी कसं ओळखायचं, भेगांना नक्की काय लावायचं, आणि उभं राहणं तर बंद होणार नाही तर परत होऊ नये म्हणून काय करता येईल? "डॉक्टरला दाखवा" हे माहीत आहे, दाखवणारच आहे, पण तिला तिथवर न्यायला वेळ लागतो.

प्रतिसाद:
आमच्याकडे सिंधुदुर्गात भेगांना कोकमाचं तेल, दुसरं काही नाही. गोव्यात भिरंडेल म्हणतात तेच. घट्ट वडी असते, पळीत पातळ करायची आणि गरम गरम भेगेत सोडायची. आजी करायची, चटका बसतो पण भेग मिटते.

प्रतिसाद:
कोकम तेल छानच, पण धागाकर्तीच्या आईला कृपया गरम सोडू नका!! शुगरवाल्यांना मुंग्या येतात म्हणजे पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, चटका कळतच नाही आणि दुसऱ्या दिवशी फोड दिसतो. बोटावर चोळून मऊ करा आणि तसंच लावा. गरम पाण्यात पाय बुडवणंही बंद, कोमट पाण्याने धुतले की झालं, आणि कोमट आहे का ते तिच्या पायाने नाही, तुमच्या कोपराने बघायचं.

मी फार्मसीत आहे म्हणून सविस्तर लिहितो. तळपायाला तेलग्रंथीच नसतात, घाम येतो पण स्निग्धता बाहेरूनच द्यावी लागते. कातडी कोरडी आणि जाड झाली की ताणली जात नाही, आणि अनवाणी उभं राहिलं की टाचेखालची चरबी वजनाने कडेला पसरते, तिथेच ती फाटते. म्हणून भेगा नेहमी कडेला. सध्या भेग उघडी आहे, रक्त येतंय, तर तिथे फक्त व्हॅसलीन किंवा कोकम, वर स्वच्छ सुती मोजा. भेग बुजली की युरियाचं क्रीम आणा, साधारण २० ते २५ टक्केवालं, उघड्या भेगेवर ते झोंबतं म्हणून आधी नको. अंघोळीनंतर पाय टिपले की लगेच लावायचं, पण बोटांच्या बेचक्यात नाही, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात.

घट्टा पसरट असतो, कुरूप लहान, मध्ये कडक डोळा, वरून दाबलं की टोचतं. चामखीळही तळपायाला होते, ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, त्यात काळे ठिपके असू शकतात आणि कातडीवरच्या रेषा तिथे तुटलेल्या दिसतात. तुमच्या वर्णनावरून कुरूप वाटतंय, पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही. कॉर्न कॅप लावू दिली नाही ते उत्तम केलंत, त्यात बहुतेक ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं, त्याला चांगली कातडी कुठली ते कळत नाही, शुगर असताना जखम चिघळू शकते. ब्लेडचंही तेच. तासायचं असेल तर डॉक्टर तासून देतात, आणि दाब तोच राहिला तर ते कितीही तासा, परत येणार.

प्रतिसाद:
एक फंगलचंही तपासून घ्या. माझ्या सासऱ्यांच्या एकाच तळपायाची कातडी पिठासारखी निघायची, सगळे कोरडेपणा समजून क्रीमं चोपडत होते, डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली तर निघालं फंगल. वरून नख जाडं झालं होतं, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

प्रतिसाद:
चप्पलचं म्हणाल तर माझ्या आत्याचंही हेच होतं, देवाच्या पुढे चप्पल नाही. आम्ही नवी कोरी, मऊ तळव्याची जोडी आणली जी स्वयंपाकघराबाहेर जातच नाही, रस्त्याला कधी लागलीच नाही तर हरकत काय, असं म्हटल्यावर मानलं. मागे पट्टा असलेली घ्या, टाच धरून ठेवते. ओट्यापुढे जाड रबरी मॅट पण टाका, निदान मॅटला तरी त्या नाही म्हणणार नाहीत.

धागाकर्ती:
सगळ्यांना खूप धन्यवाद __/\__ चिमटीत धरून बघितलं, तेव्हा विशेष नाही, वरून दाबलं की ओरडली. काळे ठिपके नाहीत. ब्लेड मी उचलून ठेवलं तर बाईसाहेबांनी दुसरं मागवलं :( मॅटला तयार आहे, नव्या चपलेवर "बघू" म्हणालीय, म्हणजे निम्मं काम झालं. शुक्रवारी स्किनच्या ओपीडीला नेतेय, तिथे अजून काय विचारू?

प्रतिसाद:
तळपायाची संवेदना तपासायला सांगा, नायलॉनचा बारीक तंतू टेकवून बघतात, दुखत नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा शेवटचा रिपोर्ट न्या. आणि ताई, त्यांना नेहमीच्या बाहेरच्या चपला घालूनच न्या, तळ कुठे झिजलाय ते दाखवलं की दाब कुठे पडतो ते डॉक्टरांना कळेल. मधल्या काळात लाली, सूज, वास किंवा पू दिसला तर शुक्रवारची वाट बघू नका.