कॉलेजात शेजारी कोण बसायचं? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती

भाचीच्या ॲडमिशनची घरात चर्चा चालू आहे. एका कॉलेजचं नाव निघालं आणि फीच्या आधी प्रश्न आला, "तिथं आपल्यातली मुलं किती आहेत?" मला तो फार खटकला, म्हणून हा धागा.

आपलं विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं सुरू झालं. एकाच जिल्ह्यातली पोरं म्हटल्यावर सगळी सारखीच असतील, असं बाहेरच्यांना वाटतं. पण शहराच्या पूर्व भागातला घरी तेलुगू बोलणारा, अक्कलकोटकडची कन्नड शाळेतली, उर्दू माध्यमातून आलेली आणि करमाळ्याचा मराठी असे चौघे इथं एका बाकावर येऊ शकतात. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आठवा : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. ही नावं आपण लहानपणापासून एका दमात घेत आलोय. कॉलेजची हजेरीही तशीच घेतली जाते, पण हजेरी संपल्यावर पोरं आपापल्या घोळक्यात जातात, हेही आपण पाहिलंय.

तुमच्या शेजारी कोण होतं? त्याच्यामुळं काय कळलं? कडू अनुभवही लिहा, फक्त कॉलेजचं आणि माणसाचं नाव नको.

कांडीवाला

आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाज. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळा मराठी. बी.कॉम.ला गेलो तोवर आमच्या घरात काही शिकण्यासारखं आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी प्रकल्प दिला : गटातल्या एकाच्या घरचा धंदा निवडा आणि त्याचा हिशोब मांडा. माझ्या गटात मोहोळकडचा शेतकऱ्याचा मुलगा, नवी पेठेतल्या दुकानदाराची मुलगी आणि मी. दोघंही म्हणाले, तुझ्याकडंच जाऊ. दोघांच्याही घरात सोलापुरी चादरी, पण चादर विणताना पाहिलेली नाही! माग चालू झाल्यावर त्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येईना, म्हणून वडील कागदावर लिहून उत्तरं देत होते. सुताचा भाव, विजेचं बिल, जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या यंत्रावर) नवीन नक्षी चढवायची तर भोकं पाडलेल्या पंचकार्डांचा खर्च, बीम (सूत गुंडाळलेला रूळ) संपल्यावर जोडणी होईपर्यंत बंद राहणारा माग. दुकानदाराच्या मुलीनं वहीत पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही स्वतःची मजुरी कुठं धरली?" वडिलांनी ती धरलीच नव्हती. आई सुताच्या ज्या कांड्या भरायची, त्याची तर नाहीच नाही.

त्या दिवसानंतर वडील हिशोबात दोघांची मजुरी वेगळी लिहायला लागले. मोहोळच्या मित्रानंही घरी जाऊन उसाचा हिशोब तसाच मांडला आणि त्याच्या वडिलांशी त्याचं वाजलं. आज तो सीए करतोय. आमचा गट वेगवेगळ्या घरांतला नसता तर हा प्रश्न कुणाला सुचला असता? विणकराच्या पोरांना तो सुचत नाही, आम्ही त्यातच वाढलेलो असतो.

वॉर्डनंबरसात

मी चंद्रपूरची, एमबीबीएससाठी सोलापूरला. इथल्या सरकारी रुग्णालयात विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंट खूप येतात. मला कन्नड शून्य. इंडीकडची एक तरुण बाई पोट दुखतं म्हणून आली होती. सोबत सासू. मी मराठीत विचारायची, सासू तिच्याशी कन्नडमध्ये बोलायची आणि मला मराठीत सांगायची, "काही नाही, उपास फार करते." बाई खाली मान घालून बसलेली.

माझी बॅचमेट दक्षिण सोलापूरमधल्या खेड्यातली, कन्नड माध्यमात शिकलेली. पहिल्या वर्षी तिच्या इंग्रजीला लोक नावं ठेवायचे. तिनं सासूला केसपेपरच्या खिडकीवर पाठवलं, पडदा ओढला आणि बाईच्या शेजारी स्टुलावर बसली. पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. पाळी चुकली होती आणि चार दिवस रक्त जात होतं, भीतीनं घरी सांगितलं नव्हतं. मॅडमना बोलावून लगेच सोनोग्राफी केली. नातेवाइकाकडून मिळालेली हिस्टरी, म्हणजे आजाराची माहिती, चाळणीतून आलेली असते हे पुस्तकात वाचलं होतं, खरं कळलं ते त्या स्टुलापाशी. नंतर तिनं आम्हा सगळ्यांना वॉर्डापुरतं कन्नड शिकवलं.

सेटलमेंटकर

गोड अनुभव बरेच आले, मी दुसरा लिहितो.

माझा पत्ता सेटलमेंट फ्री कॉलनी. सोलापुरात यापुढं काही सांगावं लागत नाही. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांची तारेच्या कुंपणातली वसाहत ती. तसं ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. माझे आजोबा त्या कुंपणात जन्मले.

होस्टेलवर एकाचा मोबाईल गेला. रेक्टर सरळ आमच्या खोलीत आले आणि माझीच पेटी उघडायला सांगितली. खोलीत आम्ही चौघे. त्यातला माढ्याचा मित्र उठला आणि म्हणाला, "सर, आधी माझी बघा. मग सगळ्या होस्टेलच्या बघा. नाहीतर याचीही नाही." बाकीचे दोघे गप्प. पेटी उघडली गेली नाही. मोबाईल नंतर त्या मुलाच्याच काकांच्या गाडीत सापडला. माझ्याकडं कुणी दिलगिरी व्यक्त केली नाही.

माहितीपत्रकात 'सर्व समाजघटकांचे विद्यार्थी' असं अभिमानानं छापतात. त्यात मीही मोजला गेलो असणार. आमची संख्या मोजताना एवढं करा, तक्रार ऐकणारा माणूस नेमा. आणि त्या समितीत आमच्यातलंही कुणी असू द्या.

धागाकर्ती

@सेटलमेंटकर, लिहिलंत हे फार मोलाचं आहे. तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

बेगमपेठ

उर्दू शाळेतून आले, एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला जायचं होतं. अब्बा नाहीच म्हणत होते. मैत्रिणीचे वडील, कंठीमाळ घालणारे वारकरी, स्वतः घरी आले, चहा घेतला आणि "दोघी एकत्रच राहतील" म्हणाले. मग मी शिबिराला गेले. गावात बंधारा बांधला, पाटीभर दगड कसे उचलायचे ते शिकले. पुढच्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातल्या आणखी मुली गेल्या, तेव्हा त्यांच्या घरी समजवायला माझे अब्बा गेले होते.

स्पष्टच_बोलतो

विरोधी सूर लावतो. प्रवेश गुणांवर व्हावेत, बाकी कोण कुठला याचा कॉलेजला काय संबंध? एकमेकांचा डबा खाल्ला, गड्ड्याच्या यात्रेला एकत्र गेलो, एवढ्यानं शिक्षण सुधारतं का?

अंधुक_उजेड

डब्यानं सुधारत नाही हे मान्य. माझं सांगते. मला दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात आम्हा दिव्यांगांसाठी किमान पाच टक्के जागा आहेत, लेखनिक मिळतो, परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. प्रवेश मिळाला, पण कुठल्याच पुस्तकाचं ऑडिओ नव्हतं. वर्गातल्या एका मुलीनं मोबाईलवर धडे वाचून रेकॉर्ड केले. मग लक्षात आलं की रात्रपाळीला जाणारी, घरकाम करणारी मुलंही तेच रेकॉर्डिंग ऐकतायत. मी वर्गात नसते तर ते झालं नसतं. निकाल कुणाकुणाचा सुधारला, ते तुम्हीच वर्गात विचारा.

मास्तर

@स्पष्टच_बोलतो, मी इंजिनिअरिंगला शिकवतो, त्यामुळं याचं उत्तर द्यायलाच हवं.

आमच्याकडं रोल नंबर प्रवेशाच्या क्रमानं पडायचे आणि त्याच क्रमानं प्रॅक्टिकलच्या बॅचेस व्हायच्या. दुसऱ्या वर्षाला थेट आलेली डिप्लोमाची मुलं सगळ्यात शेवटी, म्हणून ती सगळी शेवटच्या बॅचमध्ये. कँटीनमध्ये सुद्धा त्या बॅचचं वेगळं टेबल. डिप्लोमावाल्यांचा हात मशीनवर बसलेला असतो, बऱ्याच जणांना गणित जड जातं. बारावीवाल्यांचं नेमकं उलटं. दोघांकडंही अर्धंच होतं आणि आम्ही त्यांना दोन खोल्यांत कोंडलं होतं.

मी चिठ्ठ्या टाकून बॅचेस पाडायला लागलो. सुरुवातीला दोन्हीकडून कुरकुर झाली, पालकांचे फोन आले. पण लेथवर अडलेल्या मुलीला डिप्लोमाचा मुलगा टूल कसं धरायचं ते दाखवतोय आणि तोच मुलगा संध्याकाळी तिच्याकडून लाप्लासचं गणित समजून घेतोय, हे मी स्वतः पाहिलंय. गुणवत्ता मलाही हवी आहे आणि ती अशीच वाढताना दिसते.

इथं कुणी शिक्षक असतील तर एक सुचवतो : चिठ्ठ्या पहिल्याच आठवड्यात टाका आणि वर्षभर बॅच बदलून देऊ नका. महिनाभरानं कितीही विनवण्या आल्या तरी.