गणिताला विज्ञान म्हणायचं का?

शंकासुर:
कागदावर त्रिकोण काढा, कोनमापकाने तिन्ही कोन मोजा. बेरीज १७९ अंश आली तर? "नीट मोज," एवढंच आपण म्हणतो. युक्लिड चुकला असं कुणी म्हणत नाही. विज्ञानात याच्या उलट. मोजमाप पुन्हा पुन्हा जुळेना, की सिद्धांताला घरी बसावं लागतं. निरीक्षणाने जे खोटं ठरूच शकत नाही, ते विज्ञान कसलं?

खोडरबर:
अहो, शाळेपासून "गणितशास्त्र" म्हणतोय की आपण!

शंकासुर:
व्याकरणही शास्त्रच आहे. शास्त्र म्हणजे शिस्तीत मांडलेलं ज्ञान. विज्ञान त्याहून अरुंद.

अवयव:
त्रिकोणाचं उदाहरण सोयीचं निवडलंत. हे बघा: १२ = २×२×३, मूळ अवयव तीन, म्हणजे विषम. १० = २×५, दोन, सम. (१ ला शून्य अवयव, तोही सम.) १९१९ मध्ये पोल्या या गणितज्ञाने अंदाज मांडला की १ पासून निघून २ किंवा त्यापुढे कुठेही थांबा, निदान निम्म्या संख्या विषम गटातल्याच निघतील. तपासाल तिथे खरं! १९५८ मध्ये हेझलग्रोव्हने तो खोटा असल्याचं सिद्ध केलं, आणि सर्वांत लहान अपवाद १९८० मध्ये हाती लागला: ९०,६१,५०,२५७. अंदाज, पडताळणी, अपवाद. आणखी काय हवं?

शंकासुर:
हे तर माझ्याच पथ्यावर पडलं. नव्वद कोटींपर्यंत एकही अपवाद नाही, तरी गणितात त्याला सिद्धता म्हणत नाहीत. इतका पुरावा असता तर विज्ञानात पेढे वाटले असते.

अवयव:
सिद्धता तरी तपासतं कोण? माणसंच. शेजारच्या प्रदेशांना वेगळे रंग देऊन कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो, याची केम्पने १८७९ मध्ये दिलेली सिद्धता अकरा वर्षं बिनबोभाट चालली. १८९० मध्ये हीवूडने एक नकाशा काढून तिच्यातली चूक दाखवली. शेवटी १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाकडून हजाराहून जास्त नकाशा-रचना तपासून घेऊन ते सिद्ध केलं.

शंकासुर:
गणितज्ञ चुकतात, कबूल. पण हीवूडचा नकाशाही चार रंगांत रंगवता येतोच. विधान शाबूत राहिलं, फट होती ती युक्तिवादात. ती शोधायला दुर्बीण लागली नाही.

अवयव:
दुर्बीण नाही, नकाशा लागला. केम्पची रीत त्या नकाशावर चालवून पाहिली आणि ती फसली. याला प्रयोग नाही तर काय म्हणता?