खोडणे, पुसणे आणि ‘फॉरमॅट मारणे’

नौपाडा, ठाणे: आमच्या डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी मराठीत सूचनापत्रक लावायचंय, पेनड्राइव्ह कसा फॉरमॅट मारून आणावा वगैरे. डिलीट आणि इरेज, दोन्हींना मी ‘पुसणे’ लिहिलंय. चालेल का? आणि जर्नलिंगला काय म्हणावं?

ऐरोली: पुसणे दोन्हीकडे नको. फाइल डिलीट केली की फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, आपल्याकडची नोंद तेवढी काढते, मजकूर चिपवर तसाच असतो. हे खोडणं झालं. फ्लॅशमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हमधल्या मेमरी चिपमध्ये, लिहिताना एकेक पान (मजकुराचा छोटा तुकडा) लिहिता येतं, पुसताना मात्र अनेक पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि पुसल्याशिवाय त्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. थोडक्यात, खोडते फाइल सिस्टिम आणि पुसतो आतला कंट्रोलर, म्हणजे चिपचा कारभार बघणारा भाग. ‘हे खोडलंय, सवडीने पुसा’ हा फाइल सिस्टिमने कंट्रोलरला दिलेला निरोप म्हणजे ट्रिम. गंमत म्हणजे फ्लॅश हे नावही पुसण्यावरूनच पडलं. तोशिबात फुजिओ मासुओका यांच्या एका सहकाऱ्याला ते झटक्यात पुसलं जाणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं होतं.

नौपाडा: पटलं. मग पत्रकात कुठली फाइल सिस्टिम सुचवू?

वाशी: एक्सफॅट. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, लग्नाचा व्हिडिओ आला की अडलंच. विंडोजची एनटीएफएस मॅकवर नुसती वाचता येते, लिहायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एक्सफॅट विंडोज, मॅक दोन्हीकडे चालते, आणि २०१९च्या ५.४ आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नेलमध्येही (गाभ्यातही) आहे. फक्त तुमचं जुनं झेरॉक्स मशीन एकदा तपासा, अशी यंत्रं पुष्कळदा फॅट३२च ओळखतात.

महापे: जर्नलिंगला ‘रोजकीर्द ठेवणे’ म्हणा की! कॉमर्सच्या पोरांना जर्नल म्हणजे रोजकीर्द आणि लेजर म्हणजे खतावणी हे पाठच असतं. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम काय करते? बदल आधी कीर्दीत मांडते, मग जागेवर नेते. मध्येच वीज गेली तर कीर्द बघून सावरते. एक्सफॅट कीर्द ठेवत नाही, म्हणून इजेक्ट न करता पेनड्राइव्ह उपटला तर नोंदी बिघडू शकतात. हे पत्रकात ठळक छापा.

आता ऐरोलीकरांच्या ‘पुसतो आतला कंट्रोलर’ या वाक्याबद्दल. आमच्याकडे एमआयडीसीत काही सर्किट बोर्डांवर नँड (फ्लॅशचाच एक प्रकार) चिप उघडीच बसवलेली असते, मध्ये कंट्रोलर नाही. मग पुसायचं कोणी? तिथे यूबीआयएफएस ही फाइल सिस्टिम वापरतात. तिच्याखालचा यूबीआय हा थर ब्लॉक पुसतो आणि पुसण्याने होणारी चिपची झीज सगळीकडे सारखी वाटतो. मेमरी कार्डावर चालणाऱ्या बोर्डांना ईएक्सटी४ किंवा सॅमसंगची एफ२एफएस. ही २०१३मध्ये लिनक्स ३.८मध्ये आली. ती जुन्या जागी खाडाखोड न करता नवीन मजकूर शक्यतो पुढच्या मोकळ्या जागेत ओळीने लिहीत जाते. पेनड्राइव्हला मात्र ती देऊ नका, विंडोज ओळखणारच नाही.

ऐरोली: मान्य, माझं वाक्य कंट्रोलर असलेल्या वस्तूंपुरतं घ्या. खोडणं-पुसणं हा भेद तिथेही राहतोच.

नौपाडा: ‘फॉरमॅट मारणे’ बदलू का? कुणीतरी ‘स्वरूपण’ सुचवलंय.

वाशी: अहो, काउंटरवर ‘स्वरूपण करून आणा’ म्हटलंत तर माणूस आधार कार्ड काढून दाखवेल. आहे तेच ठेवा. खाली एवढं लिहा: ‘क्विक फॉरमॅट मारल्याने फाइली खोडल्या जातात, पुसल्या जातीलच असं नाही. खाजगी कागदपत्रं असलेला पेनड्राइव्ह दुकानात आणू नये.’