वारा-तपासणीने फ्लोरिडातल्या घराचा विमा खरेच स्वस्त होतो का?

शहापूरकर, बेळगाव
माझ्या धाकट्या भावाने फ्लोरिडात टँपाजवळ १९८९ साली बांधलेले घर घेतले आहे. यंदा विम्याचा हप्ता असा वाढून आला की आमच्या घरी सध्या त्याशिवाय दुसरा विषय नाही. ‘विंड मिटिगेशन’ तपासणी, म्हणजे घर वाऱ्याला किती टिकेल याची पाहणी, करून घ्या, असे तेथील एजंट सांगतो. पण तपासणीत उणे निघाले तर हप्ता आणखी चढेल, अशी भावाला धास्ती आहे. आपल्याकडेही अशी सोय आहे का? खानापूरला आमचे जुने कौलारू घर आहे.

निपाणीकर
मी ओरलँडोत काही वर्षे राहून परतलो आहे, म्हणून लिहितो. धास्ती अनाठायी आहे. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर तेथील नियम कडक होत गेले आणि वाऱ्याला टिकणाऱ्या बांधकामासाठी सवलत देणे विमा कंपन्यांना कायद्याने बंधनकारक झाले. या तपासणीचा ठरलेला नमुना सवलत मिळवण्यासाठीच असून अहवाल पाच वर्षे चालतो. मात्र सवलत हप्त्याच्या फक्त वाऱ्यापुरत्या भागावर मिळते, हे एजंट आधी सांगत नाहीत. जुन्या घरासाठी मागतात ती ‘फोर पॉइंट’ तपासणी वेगळी. वायरिंग, नळ, वातानुकूलन आणि छप्पर यांचे दोष तीत उघडे पडतात. भावाची भीती बहुधा या दोहोंच्या गल्लतीतून आली असावी.

खानापूरचा स्थापत्य अभियंता
शहापूरकर, तपासनीस काय पाहतो ते आपल्या भाषेत सांगतो. छप्पर दुपाखी की चौपाखी, हे तो आधी पाहतो. दुपाखीच्या त्रिकोणी भिंतीवर वारा सरळ आदळतो, तर चौपाखीवरून तो चहूबाजूंनी ओसरतो, म्हणून चौपाखीला सवलत जास्त. मग फळ्या कोणत्या खिळ्यांनी व किती अंतरावर ठोकल्या आहेत, खिडक्यांना झडपा आहेत का, आणि वासा भिंतीला कसा बांधला आहे. खरी मेख या शेवटच्या गोष्टीत आहे. नुसते तिरके खिळे असतील तर काहीच मिळत नाही. लोखंडी क्लिप असेल तर ती वाशाला किमान तीन खिळ्यांनी जडलेली हवी. त्या काळच्या कित्येक घरांत दोनच खिळे सापडतात आणि तेवढ्यासाठी सवलत हुकते. आपल्याकडे वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडतात तेही असेच: पत्रा शाबूत असतो, हूक सुटलेला असतो.

विमा प्रतिनिधी, बेळगाव
येथे अशी तपासणी करून हप्ता कमी होण्याची पद्धत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात वादळाचे नुकसान मुळातच धरलेले आहे आणि घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. झिजेमुळे झालेले नुकसान मात्र मिळत नाही. त्यामुळे मिरगाआधी कौले फेरून छपराची तारीखवार छायाचित्रे काढून ठेवावीत.

शहापूरकर, बेळगाव
सर्वांचे आभार. काल रात्री भावाने माळ्यावर चढून मोबाईलच्या उजेडात पाहिले. क्लिपा सगळीकडे आहेत, पण त्याने पाहिलेल्या प्रत्येक क्लिपेत खिळे दोनच. आता सुतार आधी आणि तपासनीस नंतर बोलवायचे ठरले आहे.