मदत हवी आहे : आत्याच्या जुन्या कथा कुठे शोधू?

आत्या भुसावळला शिक्षिका. आजोबा जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत ड्रायव्हर, काका गार्ड. ती मात्र रेल्वे क्वार्टरमधल्या बायकांवर कथा लिहायची, संवाद अस्सल अहिराणीत. साठच्या दशकात काही दिवाळी अंकांत छापून आल्या, त्याही टोपणनावाने. घरी हस्तलिखितं आहेत, अंक एकही नाही (बदल्यांमध्ये रद्दीत गेले असणार). जळगावच्या एका वाचनालयात पाहिलं, पण तिथली यादी अंकवार, लेखकवार नाही. पुण्या-मुंबईला जाणं सध्या अशक्य.

जीआयपीची मध्य रेल्वे झाली ५ नोव्हेंबर १९५१ला. आजोबा त्याआधीच निवृत्त. मग त्यांचं सर्व्हिस बुक भुसावळ विभागात मागायचं की मुंबईच्या मुख्यालयात? आणि मुख्य म्हणजे, धुळे-जळगाव-नंदुरबारकडे कुणी त्या काळातले दिवाळी अंक जपलेत का? अनुक्रमणिकेचा फोटोही चालेल, टोपणनाव मेसेजमध्ये कळवू का?