नेरुळ-सीवूड्सकडे सपाट चालायला तळं सुचवा (सासूबाईंचा नवा गुडघा, शिवाय रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचा हट्ट)

सानपाड्याची सून

नमस्कार मंडळी. सासूबाई कोरेगावहून आल्यात, उन्हाळा लागेपर्यंत इथंच आहेत. दिवाळीआधी त्यांचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय, पण सपाट जागेवर. सध्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो. परवा म्हणाल्या, "गाड्यांची ढुंगणं बघत आणखी किती दिवस हिंडवणार गं मला?" गावी त्या रोज पाटाच्या कडेनं रानात जायच्या, त्यांना पाणी दिसलं पाहिजे.

त्यात लेकानं त्यांना फोनवर रोहितांचा व्हिडिओ दाखवला. तेव्हापासून "ती गुलाबी बगळी बघायला कधी जायचं" हे रोज दोनदा. मी म्हटलं आधी स्वतः बघून यावं. कालच्या रविवारी ड्युटीच्या आधी सकाळी सातला चाणक्यच्या, म्हणजे त्या जहाजवाल्यांच्या कॉलेजच्या, मागच्या पाणथळीवर गेले. नुसता चिखल, चार बगळे आणि माझ्यामागे घरापर्यंत यायच्या तयारीत असलेलं एक कुत्रं. रोहित एक नाही.

माझी सुट्टी गुरुवारी असते. आईंना न्यायचं तर पायऱ्या नकोत, मध्ये मध्ये टेकायला बाक हवं आणि शौचालय जवळ हवं. कुठं नेऊ? आणि हे पक्षी नेमके असतात कधी?

पहाटे पाचचा

पाम बीच रोडला या, एकदम सरळ आणि सपाट. मी रोज सानपाडा ते बेलापूर पळतो, महापालिकेच्या घुमटापर्यंत. तासाभरात होतं.

दोन नवे गुडघे

पहाटे पाचचा, बाळा, तिच्या सासूबाईंना मॅरेथॉनला उतरवायचं नाहीये. आणि गाड्यांना कंटाळलेल्या बाईला तू पाम बीच रोड सुचवतोस!

सूनबाई, माझं ऐक. माझे दोन्ही गुडघे बदललेत, एक २०१९ ला आणि दुसरा कोविडनंतर. दुसऱ्यानंतरचं माझं सगळं चालणं ज्वेलवर झालंय, म्हणजे नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई. नेरुळ स्टेशनवरून पश्चिमेला रिक्षा कर, "ज्वेल" एवढंच सांग. फरसबंद वाट आहे, चढ नाही म्हटलं तरी चालेल, एका अंगाला तळं आणि एका अंगाला झाडी. बाकं आहेत. आत शिरतानाच आईंना शौचालयाला नेऊन आण, पुढे गेल्यावर आठवलं तर पंचाईत होते.

आता महत्त्वाचं. तळ्याची वाट गोल असते, आणि गोल वाटेत एक फसवणूक आहे. सरळ रस्त्यावर पाय दुखला की माणूस मागे वळतो. तळ्याला अर्धी फेरी मारून झाली की मागे जा नाहीतर पुढे जा, अंतर तेवढंच. मी पहिल्याच आठवड्यात शहाणपणा केला, "एक फेरी मारूनच येते" म्हणून निघाले आणि बरोब्बर पलीकडच्या टोकाला गुडघ्यानं संप पुकारला. तिथून आमचे हे मला एकेक बाक मोजत घेऊन आले. सात बाकं लागली, प्रत्येकावर दहा मिनिटं. घरी पोचायला पावणेनऊ. म्हणून आईंना पहिल्या दिवशी दुसऱ्या बाकापर्यंतच ने आणि परत आण. चार दिवसांनी तिसऱ्यापर्यंत. पूर्ण फेरीचा हट्ट महिनाभर करायचा नाही. त्या करतील, तू करू देऊ नकोस.

काठी डाव्या हातात. सगळ्यांना वाटतं दुखऱ्या बाजूला काठी धरायची, पण ती चांगल्या बाजूला धरायची असते. उजवा गुडघा तर काठी डावीकडे, आणि उजवं पाऊल पडतं तेव्हाच काठी टेकायची. हे मला फिजिओवाल्या मुलीनं तीनदा ओरडून शिकवलं.

आणि खाली बघत चालायला सांग. झाडाच्या मुळांनी काही ठिकाणी फरशा उचलल्यात, बोटभरच, पण नव्या गुडघ्याचं पाऊल पूर्वीसारखं उचललं जात नाही. मी एकदा अशीच अडखळले, पुढच्या आजोबांची विजार धरून वाचले. आता आमची चांगली ओळख आहे.

रोहितांचं मला विचारू नकोस. ज्वेलवर बगळे, पाणकावळे, खंड्या हे दिसतात. रोहित कधी आभाळातून जाताना दिसले तर दिसले.

करावेकर

ताई, तुम्ही घड्याळ बघून गेलात, पाणी बघून नाही. रविवारी तिथी कोणती होती? प्रतिपदा. म्हणजे पूर्ण भरती दुपारी पाऊण वाजता. सकाळी सातला पाणी तळाला. रोहित तेव्हा लांब खाडीत, ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलावर जेवायला बसलेले. चाणक्यच्या मागे कशाला येतील?

सोपं सांगतो, आमच्याकडे हे पोराटोरांना येतं. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुपारी तीन तसेच रात्रीचे तीन, दिवसातून दोनदा. पौर्णिमा-अवसेला बारा वाजत येतात. आपली खाडी आत आहे म्हणून थोडं पुढे-मागे धरा. वडील याच हिशेबानं होडी काढायचे, घरात घड्याळ होतं पण ते शाळेसाठी.

भरती चढली की खाडीतला चिखल बुडतो. रोहिताचे पाय कितीही लांब असले तरी त्याला उथळ पाणी लागतं, मग थवेच्या थवे उठून अलीकडच्या पाणथळीवर येतात. चाणक्यच्या मागे, एनआरआय वसाहतीच्या मागे, डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर. ओहोटी लागली की परत खाडीत. त्यांची ही रोजची ड्युटी आहे. तुम्हाला गर्दी बघायची तर भरतीच्या आधी तासभर ते नंतर तासभर.

यात एक गोम आहे. अष्टमीची भरती सहाला, फिरायला एकदम सोयीची, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. पण तेव्हा भांग असतो, पाणी जोरात चढत नाही. खाडीत चिखल उघडा राहतो, मग पक्ष्यांना उठायची गरजच पडत नाही. आणि उधाणाची भरती, जी सगळ्यांना हुसकून आणते, ती आपल्याकडे नेहमी भर दुपारी नाहीतर मध्यरात्री. म्हणून मधल्या तिथ्या धराव्या. या गुरुवारी पंचमी आहे, पावणेचारची भरती. साडेतीनला या.

डीपीएसच्या तळ्याकडे मात्र आईंना आणू नका. भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या आणि तळं सुकत गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं रोहित मेले. आम्ही लहानपणी त्या बाजूला निवट्या, चिखलातले मासे, धरायचो. जाऊ दे, गुरुवारच्या दिवशी ते बघायला नको.

पहाटे पाचचा

काका, पण ज्वेलसारखी तळी भरतीनं भरत नाहीत का? आमच्या इथल्या पाँडला कधी पाणी जास्त, कधी कमी असतं.

करावेकर

शहरातली बरीच तळी होल्डिंग पाँड आहेत. हा सगळा पट्टा खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन होता, भातशेती आणि मिठागरं. १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको आली, भराव झाला, तरी शहराची जमीन मोठ्या भरतीच्या पाण्यापेक्षा खालीच. मग पावसाळ्यात वरून धो धो आणि खाडीला उधाण एकाच वेळी आलं तर शहराचं पाणी जाणार कुठं? ते या पाँडात थांबवायचं. खाडीकडे झडप असते. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा ती मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्यानं उघडते. लोक म्हणतात हॉलंडची पद्धत. असेल. आमच्या आजोबांच्या शेतावरच्या बांधाला उघाडी होती, ती याच तत्त्वावर. लाकडाची फळी, हॉलंड न बघितलेली.

ऐरोलीकर

ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र कोणीच सुचवलं नाही? बोटीतून खाडीत नेतात, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या आत. २०१५ चं अभयारण्य, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतही आलं. खारफुटीतून लाकडी वाटही आहे. सोमवारी बंद असतं. बोटीची वेळ भरतीवर ठरते म्हणून आधी विचारून जा.

दोन नवे गुडघे

लाकडी वाट चालेल, बोट नको. हलत्या बोटीत पाय टाकायला डॉक्टर अजून सहा महिने तरी परवानगी देणार नाहीत. सूनबाई, गुरुवारी असं कर. आधी साडेतीनला चाणक्यच्या मागे. तिथं वाट कच्ची आहे, खडे आहेत, चालवू नकोस. रिक्षा शेवटपर्यंत ने, थांबवून ठेव, पैसे जातील ते जाऊ दे. घडीचं स्टूल ने. सावली नाही, डोक्याला पदर पुरणार नाही, टोपी घाल. शौचालय नाही, घरून निघताना जाऊन या. पक्षी बघून झाले की ज्वेलवर जा आणि दुसऱ्या बाकापर्यंत चाला. उलटं केलंस तर थकलेल्या पायानं त्या खड्यांत उतरतील.

सानपाड्याची सून

जाऊन आलो! रिक्षावाल्यानं आधी नाक मुरडलं, मग तोच पुढे जाऊन फोटो काढत बसला.

करावेकर काका, साडेतीनला पोचलो तेव्हा पंधरा-वीसच होते, माझा जीव खाली-वर. पावणेचारच्या सुमाराला खाडीकडून एक लांबलचक गुलाबी रेघ उठली आणि आमच्या डोक्यावरून वळून समोर उतरली. पंख उघडले की आत काळं-लाल असतं हे व्हिडिओत कळलंच नव्हतं. आणि आवाज! मला वाटलं होतं मोरासारखं काही ओरडतील, तर बदकांच्या बाजारासारखी अखंड कुजबुज.

आई स्टुलावर बसून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मान उलटी घालून काय हुडकतायत? सुई पडली व्हय?" मी सांगितलं, ते चोच उलटी धरून पाणी गाळतात, त्यात जे बारीक शेवाळ सापडतं त्यानंच गुलाबी होतात. कडेला काही मळकट राखाडी होते, ती पिल्लं. त्यावर आई, "आणि ही धुवायची ऱ्हायली."

ज्वेलवर दुसऱ्या बाकापर्यंतच जायचं ठरलं होतं. चौथ्यापर्यंत गेल्या. मी ओरडले तर म्हणाल्या, दुसऱ्यावर कोणीतरी बसलं होतं, तिसऱ्यावर कावळ्यानं घाण केली होती. काठी डाव्या हातात होती, तेवढं ऐकलं.

आता घरी नवीन प्रकरण सुरू झालंय. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलंय आणि तिथ्यांची पाऊणपट चाललीय, पेन्सिलीनं. पुढच्या गुरुवारी द्वादशी, भरती सकाळी नऊला. आदल्या दिवशी एकादशी. तर म्हणतात, उपवास तळ्यावरच सोडू, डबा करून घे.

दोन नवे गुडघे

चौथ्या बाकाबद्दल त्यांना माझ्याकडून रागावणे. पारण्याला मीही येते, साडेआठला. भाकरी तुम्ही आणा, तिकडची हवीय मला, इकडच्या पिठाची नको. वालाची उसळ माझ्याकडे.

करावेकर

कुत्र्यासाठी पण एक भाकरी आणा. तो आमच्या आळीतला आहे, वाघ्या नाव त्याचं.